वाक्य लावा, पण प्रसंगासकट

बडोद्यात मंगळबाजारातून मांडवीकडे निघालं की कापडाच्या, भांड्यांच्या, औषधांच्या दुकानांत गल्ल्याच्या मागे एक पाटी हमखास दिसते. कुठे गुजरातीत, कुठे इंग्रजीत, काचेच्या फ्रेममध्ये, वर गांधीजींचा चष्मा नाहीतर चरखा. ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा आहे. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. त्याची सेवा करून आपण त्याच्यावर उपकार करत नाही, सेवेची संधी देऊन तोच आपल्यावर उपकार करतो. खाली नाव महात्मा गांधी. बँकांत ही पाटी आहे, विम्याच्या कचेऱ्यांत आहे, सहकारी पतपेढ्यांत आहे. काही ठिकाणी पुढे सालही घातलेलं असतं: दक्षिण आफ्रिका, १८९०.

१८९० मध्ये गांधीजी लंडनला कायदा शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी पाऊल ठेवलं १८९३ मध्ये. त्यांच्या समग्र लेखनाचे शंभर खंड आहेत, ते आता कुणालाही घरबसल्या फुकट चाळता येतात, आणि शोधणाऱ्यांना त्यांत हा मजकूर मिळालेला नाही. याच्याशी जवळपास जुळणारा मजकूर मिळतो तो १९४१ च्या अमेरिकेत, स्टुडबेकर या मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर. म्हणजे गाड्या विकणाऱ्यांनी आपल्या माणसांना दिलेला तो सल्ला होता. सल्ला चांगला आहे. पण तो गांधीजींचा नाही.

एका ओळखीच्या दुकानदाराला मी हे सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "वात तो साची छे ने, बेन?" गोष्ट तर खरी आहे ना, मग ती कोण बोललं याचं एवढं काय? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. बहुतेक भली माणसं असाच विचार करतात. शाळेत शिकवत असताना फळ्यावरच्या सुविचाराबद्दल सहकारी शिक्षकांकडूनही मी हेच ऐकत आले: मुलांच्या कानावर चार चांगले शब्द पडले, पुरे झालं.

मला हे पटत नाही. शाळा, दवाखाना, बँक, दुकान, मैदान, सरकारी कचेरी अशा चारचौघांच्या जागी एखाद्याच्या नावाने वाक्य लावायचं असेल, तर ते कुणी, कुठे, कधी आणि कशासाठी उच्चारलं, हे त्याच पाटीवर लिहिलं पाहिजे. लिहिता येत नसेल तर पाटी उतरवली पाहिजे. हा पंडितांचा काटेकोरपणा वाटेल, पण यात सामान्य माणसाचंच हित आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्या दुकानदाराच्या पाटीपासूनच बघू. व्यवहाराबद्दल गांधीजी खरोखर काय म्हणाले, ते शोधायला फार लांब जावं लागत नाही. १८९४ मध्ये त्यांनी नाताळ इंडियन काँग्रेस उभी केली. वर्गणी गोळा करायची, पावत्या फाडायच्या, पैन्‌पैचा हिशेब लिहायचा, हे सगळं ते स्वतः बघत. त्याबद्दल आत्मकथेत त्यांनी लिहिलं आहे की चोख हिशेबाशिवाय कोणतीही संस्था टिकत नाही, तिची बदनामी होते. आणि व्यवस्थित ठेवलेल्या हिशेबाशिवाय सत्य निर्मळ राखणं अशक्य आहे. त्या १८९४ च्या हिशेबवह्या आजही संस्थेच्या दप्तरात जशाच्या तशा मिळतील, असंही त्यांनी पुढे विश्वासाने म्हटलं आहे. हे वाक्य व्यापाऱ्यांच्या बाजारात लावायला किती योग्य आहे! गुजरातच्या मातीतल्या माणसाने, दिवाळीला चोपडापूजन करणाऱ्या समाजासाठी लिहिलेलं. तरी मांडवीत ते मला कुठे दिसलं नाही. ग्राहकाची पाटी आल्यागेल्याला गोंजारते आणि मालकाकडून काहीच मागत नाही. हिशेबाचं वाक्य मालकाकडे वही मागतं.

खोट्या वाक्यांचं हेच आकर्षण आहे. थोर माणसाचं नाव मिळतं, आणि त्या माणसाने घातलेली अट मात्र टळते. म्हणून 'गोष्ट तर खरी आहे ना' एवढ्यावर मला थांबता येत नाही. गोष्ट खरी असेल तर ती स्वतःच्या नावाने लावा. 'आमच्या दुकानाचा नियम' असं वर लिहा. मग ग्राहक तुम्हाला त्या नियमाबद्दल जाब विचारू शकेल. गांधीजींचं नाव खाली आलं की जाब कुणाला विचारणार?

आपल्याकडे कर्ता माहीत नसलेल्या वचनांची मोठी परंपरा आहे, हे मी विसरलेले नाही. म्हणी आहेत, जात्यावरच्या ओव्या आहेत. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत आजी-पणजीच्या तोंडून आलेली कितीतरी बोलणी आहेत, त्यांचा उगम कुणाला ठाऊक नाही आणि ठाऊक असण्याची गरजही नाही. म्हण कुणाच्या नावाचा आधार मागत नाही. ती पटली तर टिकते, नाहीतर विरते. अडचण येते ती उसन्या सहीमुळे. सही खाली आली की माणूस वाक्य तपासणं सोडतो आणि सहीला मान देतो. हे एकदा सवयीचं झालं की त्या सहीच्या वर काहीही लिहिता येतं.

करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, रतन टाटांच्या नावाने अर्थव्यवस्थेबद्दलचा एक धीर देणारा मजकूर घराघरांतल्या फोनवर फिरला. जाणकार म्हणतात देश बुडणार, पण जाणकार याआधीही चुकले आहेत, असा त्याचा सूर होता. टाटांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं की हे मी बोललेलो नाही आणि लिहिलेलंही नाही. मला काही सांगायचं असेल तर ते मी माझ्या अधिकृत मार्गांनी सांगेन. त्या मजकुरात वाईट काहीच नव्हतं, उलट लोकांना त्याने आधार दिला असेल. तरीही त्यांनी तो नाकारला. मला त्यांचं हे नाकारणं फार मोलाचं वाटतं. ज्या माणसाच्या शब्दावर लोक पैसे गुंतवतात, नोकऱ्या धरतात, त्याच्या तोंडी चांगलं वाक्यही घुसडलेलं चालत नाही. कारण उद्या त्याच वाटेने वाईट वाक्य येतं. तेव्हा कोणतं खरं आणि कोणतं खोटं हे ओळखायची सवय समाजाकडे राहिलेली नसते.

आता दवाखान्याकडे वळते. माझं मन सर्वांत जास्त तिथे अडकलेलं आहे.

आपल्या शहरातल्या अनेक खासगी रुग्णालयांत दर्शनी भागात एक ओळ असते: 'आम्ही उपचार करतो, बरा तो करतो.' वर ॐ, नाहीतर गणपती किंवा साईबाबा. माझ्या आत्याला दाखल केलं तेव्हा अशाच एका पाटीखाली आम्ही बसलो होतो. पाटीच्या बरोबर खाली पैसे भरायची खिडकी होती. अनामत रक्कम भरल्याशिवाय वरच्या मजल्यावर नेता येणार नाही, असं आतली मुलगी सांगत होती. माझा चुलतभाऊ कार्ड लागत नाही म्हणून फोनवरून कुणाकडून तरी पैसे मागवत होता आणि आत्या चाकाच्या खुर्चीत बसून ती पाटी वाचत होती. तिथे 'तो' कोण आणि 'आम्ही' कोण, हे इतकं स्पष्ट दिसत होतं की वाचवत नव्हतं. देवाची जबाबदारी बरं करण्याची, आणि आमची जबाबदारी बिलाची.

या ओळीमागे एक खरा माणूस आहे. आंब्रवाज पारे हा सोळाव्या शतकातला फ्रेंच लष्करी शस्त्रवैद्य. तो न्हाव्याच्या कामातून वर आलेला होता, लॅटिन शिकलेल्या वैद्यांच्या पंगतीत त्याला स्थान नव्हतं, आणि त्याने आपली पुस्तकं साध्या फ्रेंचमध्ये लिहिली. त्या काळी बंदुकीच्या गोळीची जखम विषारी मानत, म्हणून तिच्यात उकळतं तेल ओतत. ग्रंथांत तसंच लिहिलेलं होतं. तुरिनकडच्या मोहिमेत तरुण पारेजवळचं तेल संपलं. उरलेल्या जखमींना त्याने अंड्यातला पिवळा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचं मलम लावलं. तेल न घातलेली माणसं सकाळी मेलेली सापडतील, या धास्तीने त्याला रात्री झोप लागली नाही. पहाटेच उठून तो बघायला गेला. मलम लावलेल्यांना वेदना कमी होत्या, सूज नव्हती, रात्री त्यांना बरी विश्रांती मिळाली होती. तेल ओतलेले तापाने फणफणले होते आणि जखमांच्या कडा सुजल्या होत्या. गोळी लागलेल्या बिचाऱ्यांना पुन्हा कधी असं जाळायचं नाही, असं त्याने तिथेच ठरवलं.

'मी त्याची मलमपट्टी केली, देवाने त्याला बरं केलं,' हे वाक्य अशा माणसाचं आहे. काळजीने रात्र जागून काढलेल्या, ग्रंथापेक्षा रुग्णाकडे बघणाऱ्या आणि जुनी समजूत चूक होती हे लिहून ठेवणाऱ्या वैद्याचा तो विनय आहे. त्यात स्वतःकडे कमी श्रेय घेतलं आहे, पण जबाबदारी पुरती घेतली आहे. आपल्या पाटीवर तेच वाक्य आलं तेव्हा नेमकी जबाबदारी गळून पडली. रुग्ण दगावला तर देवाची मर्जी, एवढाच अर्थ उरला. पारेचं नाव आणि ती रात्र दोन ओळींत जरी पाटीवर लिहिली, तरी तिच्याखाली बसलेल्या नातेवाइकाला एक प्रश्न सुचेल: इथल्या डॉक्टरांनी सकाळी उठून माझ्या माणसाकडे बघितलं का? प्रसंग सोबत असला की वाक्य ऐकणाऱ्याच्या हाताला असं बळ देतं. माझ्या सगळ्या आग्रहाचं मूळ इथे आहे.

'प्रथम, अपाय करू नका' ही ओळ वैद्यकीय महाविद्यालयांच्या समारंभांत हिप्पोक्रॅटीसची शपथ म्हणून सांगतात. त्या शपथेत हे शब्द या रूपात नाहीत. त्याच्या परंपरेतल्या दुसऱ्या एका ग्रंथात, रोग्याला मदत करा, निदान अपाय तरी करू नका, अशा अर्थाचं वचन आहे. मदत करा हा अर्धा भाग आधी आहे, आणि नेमका तोच गळतो.

आपल्या माणसांना दवाखान्यासाठी वाक्य हवंच असेल तर मराठी घरातलं एक आहे. १८८३ मध्ये अमेरिकेतल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात आनंदीबाई जोशींनी आपण हे शिक्षण का मागतो आहोत ते सांगितलं होतं. माझ्या देशातल्या दुःखी स्त्रियांना जी खरी वैद्यकीय मदत हवी आहे, ती मला द्यायची आहे. पुरुष डॉक्टरच्या हातून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील. आनंदीबाई १८८६ मध्ये पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांची नेमणूक ठरली होती, पण रुग्ण तपासायला त्या तिथे पोहोचू शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. हे तपशील काढून घेतले तर ते पत्र म्हणजे एका हुशार मुलीचा छान अर्ज होतो. तपशिलासकट लावलं, तर स्त्रीरोग विभागाच्या दारात बसलेल्या बाईला समजतं की आत मिळणाऱ्या सेवेसाठी कुणीतरी किती मोठी किंमत मोजली आहे, आणि ती सेवा नीट मागण्याचा हक्क तिला आहे.

खेळाबद्दल बडोद्याला कुणी काही शिकवायची गरज नाही. हजारे आणि गुल महंमद यांनी रणजीच्या अंतिम सामन्यात होळकरांच्या संघाविरुद्ध याच शहरात १९४७ मध्ये ५७७ धावांची भागी केली. अंशुमान गायकवाड १९७६ मध्ये जमैकात होल्डिंगचा चेंडू कानावर बसेपर्यंत ८१ धावांवर उभे होते. अशा शहरात मुलांच्या क्रिकेट वर्गांत 'जिंकणं हेच सर्वस्व' अशा अर्थाची अमेरिकन फुटबॉलमधली ओळ टी-शर्टांवर छापून येते, याचं मला वाईट वाटतं. ती विन्स लोंबार्डी या प्रशिक्षकाची म्हणून सांगतात. त्याच्याआधी ती रेड सँडर्स या दुसऱ्या प्रशिक्षकाच्या तोंडी होती. लोंबार्डीने पुढे म्हटलं की मी हे बोललोच नसतो तर बरं झालं असतं; मला प्रयत्नांबद्दल बोलायचं होतं, माणुसकी पायदळी तुडवण्याबद्दल नाही. ज्याच्या नावाने दहा वर्षांच्या पोराला आपण ही ओळ पाठ करायला लावतो, त्यानेच ती मागे घ्यायचा प्रयत्न केला होता. हे त्या पोराला कुणी सांगत नाही.

याच्या उलट दुसरी एक जोडी बघा. जानेवारी १९३३, ॲडलेड. इंग्लंडचे वेगवान गोलंदाज ठरवून अंगावर मारा करत होते. लारवुडचा चेंडू ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुल याच्या छातीवर, हृदयापाशी बसला. विचारपूस करायला इंग्लंडचे व्यवस्थापक वॉर्नर त्याच्या खोलीत आले, तेव्हा तो त्यांना म्हणाला की मैदानावर दोन संघ आहेत. त्यांतला एक क्रिकेट खेळायचा प्रयत्न करतो आहे, दुसरा नाही. बंद खोलीतलं हे बोलणं वर्तमानपत्रांत फुटलं आणि त्यावरून दोन देशांत तणाव झाला. बरोबर पंचाहत्तर वर्षांनी, जानेवारी २००८ मध्ये, सिडनीच्या कडवट सामन्यानंतर अनिल कुंबळे पत्रकारांसमोर बसले आणि म्हणाले की फक्त एकच संघ खेळाच्या भावनेने खेळत होता, एवढंच मी म्हणू शकतो. वुडफुलचे शब्द उचलून त्यांनी ऑस्ट्रेलियाच्याच अंगणात ऑस्ट्रेलियापुढे ठेवले. ज्याला १९३३ ठाऊक आहे त्यालाच कुंबळेंच्या वाक्याचं पूर्ण वजन कळतं. ज्याला ठाऊक नाही त्याला ती हरलेल्या कर्णधाराची तक्रार वाटते. हेच वाक्य आता सोसायटीतल्या रविवारच्या सामन्यापासून गरब्याच्या स्पर्धेपर्यंत कुठेही हरणारा कुणीही वापरतो, आणि प्रत्येक वापरासरशी त्यातली धार थोडी जाते.

ऑलिंपिकचं 'जिंकण्यापेक्षा भाग घेणं महत्त्वाचं' हे वचन आधुनिक ऑलिंपिकचे प्रवर्तक कुबर्तँ यांचं म्हणून शाळेच्या क्रीडामहोत्सवात ऐकू येतं. १९०८ च्या लंडन स्पर्धेच्या वेळी ते बोलताना कुबर्तँ यांनी स्पष्ट सांगितलं होतं की पेनसिल्व्हेनियाच्या बिशपांनी सेंट पॉल कॅथेड्रलमधल्या प्रवचनात हे म्हटलं. त्यांनी श्रेय प्रामाणिकपणे दिलं. आपण बिशपना वगळलं.

राजकारणातल्या वाक्यांबद्दल बडोद्याच्या माणसाने बोलायचं तर सयाजीबागेत, म्हणजे आपल्या कमाटीबागेत, जावंच लागतं. अमेरिकेत शिकण्यासाठी सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली. कराराप्रमाणे संस्थानाची नोकरी करायला ते १९१७ मध्ये बडोद्यात आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले, पण लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. त्यानंतर ते एका हिंदू मित्राकडे गेले. मित्र मोठ्या मनाचा होता असं आंबेडकरांनीच लिहिलं आहे. हकिकत ऐकून तो हळहळला, चिडलाही. आणि मग म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला की उद्या पत्नी येणार आहे, तिला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास आंबेडकरांनी कमाटीबागेत काढले. पोरकी मुलं आठवतात तसे त्यांना आईवडील आठवले, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

बागेतली ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. लोक श्रद्धेने येतात, आणि ते योग्यच आहे. पण बडोद्याच्या इतिहासातलं सर्वांत लक्षात ठेवण्याजोगं वाक्य कोणतं, असं मला विचारलं तर मी त्या मित्राचं वाक्य सांगेन: तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. कुणा दुष्ट माणसाचं ते बोलणं नाही. एका सुशिक्षित, सहृदय, मैत्री मानणाऱ्या माणसाचं आहे, आणि म्हणूनच ते आपल्या सगळ्यांना लागू पडतं. 'माझं काही म्हणणं नाही हो, पण सोसायटीतले लोक...' भाड्याने घर देताना आजही हेच वाक्य आडनाव बघून, धर्म बघून, ताटातलं अन्न बघून उच्चारलं जातं. मराठी घरांत उच्चारलं जातं, गुजराती घरांतही उच्चारलं जातं. हे वाक्य भिंतीवर लावण्याइतकं धैर्य या शहरात असावं, असं मला मनापासून वाटतं. पाटीवर फक्त थोरांची गोड वचनंच असावीत असं कुठे लिहून ठेवलेलं नाही.

आंबेडकरांच्या दुसऱ्या एका वाक्याची गत तर रोज दिसते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी सांगितलं की धर्मात भक्ती हा मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. निवडणुका आल्या की प्रत्येक पक्षाचे लोक हे वाक्य दुसऱ्या पक्षाच्या नेत्याचा फोटो जोडून पाठवतात. त्याच भाषणात ते पुढे म्हणाले होते की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात प्रवेश करणार आहोत; राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. हा भाग सत्तेवर असलेल्या आणि उद्या येऊ पाहणाऱ्या दोघांनाही अडचणीचा आहे, म्हणून तो कुणीच पाठवत नाही. संविधान सभेतली चर्चा पूर्ण छापलेली आहे, इंटरनेटवरही आहे. अख्खं भाषण वाचायला एक दुपार पुरते.

वाक्य प्रसंगासकट जपणं कसं असतं, याचा एक नमुना मुंबईत आहे. २२ जुलै १९०८ च्या रात्री न्यायमूर्ती दावर यांच्यापुढे ज्यूरीने टिळकांना राजद्रोहाचे दोषी ठरवलं. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिले होते. शिक्षा ऐकण्याआधी टिळक म्हणाले की ज्यूरीचा निकाल काहीही असो, मी निरपराध आहे; माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य ठरवणाऱ्या याहून वरिष्ठ शक्ती आहेत. हे शब्द कोरलेला फलक १९५६ मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते उच्च न्यायालयात त्याच दालनाबाहेर बसवला गेला. ज्या न्यायालयाने शिक्षा दिली, त्यानेच ते वाक्य आपल्या भिंतीवर घेतलं. तिथून रोज जाणाऱ्या वकिलाला आणि न्यायाधीशाला ते विचारत राहतं की आज तुम्ही कुणाला शिक्षा देता आहात.

बडोद्यात असं करता येईल अशा जागा कितीतरी आहेत. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. त्यांच्या नावाचं ग्रंथालय विद्यापीठात आहे, हजारो मुलं तिथे अभ्यासाला बसतात. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री संविधान सभेत भारताच्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज देताना त्या म्हणाल्या होत्या की या सभागृहावर फडकणारा पहिला ध्वज ही भारताच्या स्त्रियांची भेट असावी, हे उचितच आहे. आपल्या पाट्यांवर स्त्रीचं वाक्य क्वचितच असतं, आणि असलंच तर ते आईच्या मायेबद्दल असतं. देशाच्या घडणीतला आपला वाटा एका स्त्रीने भर सभेत मोजून सांगितला, असं वाक्य त्या ग्रंथालयात तारीख, जागा आणि प्रसंगासकट ठळकपणे लावण्याजोगं आहे.

खर्चाचा आणि वेळेचा मुद्दा लोक काढतील. पाटी लांबेल, रंगवणारा अक्षरामागे पैसे घेतो, वाचणाऱ्याला सवड नसते. चार ओळींच्या पाटीवर आणखी दोन ओळी वाढतील, यापेक्षा जास्त काही होणार नाही. खरंखोटं पारखायला मांडवीत सयाजीरावांच्या काळापासूनचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. शाळांचा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. रोज नवा सुविचार हवा असतो, शिक्षकांना आधीच कामं कमी नाहीत, प्रत्येक वाक्याचा उगम कोण शोधत बसणार? पण रोज नवा सुविचार हवाच कशाला? सोमवारी फळ्यावर एकच वाक्य लिहावं आणि ते आठवडाभर पुसू नये. वर्गातल्या दोन मुलांना ते कुणी, कुठे, कोणत्या प्रसंगी म्हटलं हे शोधायला सांगावं. ते कुठे वाचलं हेही त्यांनी वहीत लिहावं, आणि शनिवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं. उगम सापडला नाही तर तसंही सांगावं, आणि वाक्याखालचं नाव त्या मुलांनीच आपल्या हाताने पुसावं.